पाचव्या शिट्टीनंतर

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं असं कुणी विचारलं, तर मी निर्मलाक्कांचं नाव घेतो. माझ्या आईलाही त्यात काही वावगं वाटत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका बोळात, तालमीच्या मागच्या बाजूला त्यांचं घर आहे आणि त्या घराच्या माडीवर मी कॉलेजची तीन वर्षं भाड्यानं राहिलो. अक्का गेल्या त्याला आता दीड महिना होईल. बातमी नानांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, फोनवर दिली. मी पुण्यात ऑफिसात होतो. "सदा, अक्का गेली रं," एवढंच नाना म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. पलीकडून मुलांचा ओरडा ऐकू येत होता, कुणीतरी बोळातच फुटबॉल खेळत असावं. माझ्यासमोरच्या पडद्यावर त्या वेळी एक लहानसं गाव निळ्याचं लाल होत होतं. मी ते थांबवलं नाही. अक्कांनीही ते थांबवू दिलं नसतं.

हे गावाचं काय, ते सांगायला हवं. मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. ज्या खेळांत राज्यं असतात, गावं वसवायची असतात, शेजारच्या राजांशी व्यापार किंवा लढाई करायची असते, तसल्या खेळांचे नियम लिहिणं हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील कागलच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई घर आणि दोन म्हशी सांभाळते. त्यांना माझं काम समजावून सांगायला मला अजूनही जमलेलं नाही. अक्कांना मात्र सांगावं लागलं नाही, कारण हे काम काय असतं ते त्यांच्याकडूनच मला कळलं होतं.

पहिल्यांदा खोली बघायला गेलो तो दिवस आठवतो. वडील बरोबर होते. दार उघडंच होतं. आत शिलाई मशीन आणि कपाट यांच्या मधल्या अरुंद जागेत एक बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. गळ्यात मापाची टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आमच्याकडे न वळताच त्या म्हणाल्या, "थांबा जरा पावणं, गाव यायला लागलंय." वडिलांनी मागं वळून बोळात बघितलं. त्यांना वाटलं, कुठलीतरी माणसं येणार आहेत. मग अक्कांनी खुर्ची फिरवली, आम्हाला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "न्हाय आलं. बसा. चहा घेणार न्हवं?" परत येताना वडील एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय, पर गाव कुठलं यायचं हुतं रं?"

तो खेळ त्यांच्या मुलानं, विनूनं, घालून दिला होता. विनू नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला आणि आईला खेळ शिकवून गेला. दोघं रविवारी संध्याकाळी आपापल्या ठिकाणाहून एकत्र खेळायचे. फोनवर काय बोलायचं ते दोघांनाही फार सुचत नसे, पण खेळात आज कुणाची नदी, कुणाचं बंदर असे विषय निघायचे. पुढं विनूच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि त्याचं खेळणं सुटलं. अक्कांचं सुटलं नाही. ब्लाउज, फॉल, पिको आटोपलं की त्या एकट्याच कॉम्प्युटरविरुद्ध खेळायच्या. पडद्यावर सगळं इंग्रजी. अक्षरं त्यांना वाचता यायची, पण अर्थ लागायला वेळ जाई. मी राहायला आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मलाही सगळं कुठं येत होतं... डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्यांना वाचून दाखवायचो. माझं इंग्रजी कॉलेजात कमी आणि त्या स्टुलावर जास्त झालं.

पलीकडच्या राज्याचा एक टोकदार दाढीचा राजा होता. तो अधूनमधून पडद्यावर यायचा आणि धमकी द्यायचा. मी सांगायचो, "अक्का, तो म्हणतोय, तुमचं सैन्य फार दुबळं आहे."

"व्हय म्हणावं, दुबळं हाय. आलायस तर जेवून जा."

"'जेवून जा' असं बटण नाही इथं."

"मग त्यातल्या त्यात जवळचं कुठलं हाय ते दाब की."

जवळचं म्हणजे भेट पाठवणं. अक्कांनी त्याला धान्याच्या गाड्या पाठवल्या. पुढच्याच डावाला त्यानं हल्ला केला. नाना त्यावर आठवडाभर हसत होते. नाना तरुणपणी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेले, गुडघा गेल्यावर नुसते बघणारे. ते दारातल्या खुर्चीवरून म्हणायचे, "अगं, एवढ्या तोफा घेऊन बसलीयास, वापर की! का दसऱ्याला पुजायला ठेवल्यात?" अक्का म्हणायच्या, "तुम्ही तुमचा बॉल बघा. हितं मारामारी न्हाय करायची, हितं वाट बघायची असती."

त्यांना त्या खेळातलं एकच कलम आवडायचं. लढाई न करता गाव आपल्याकडं येणं. तुम्ही तुमच्या गावांत देवळं, शाळा, बाजार, नाटकघरं बांधलीत की त्या गावांचा प्रभाव हळूहळू आजूबाजूला पसरतो. आज एक शेत, उद्या टेकडी. सीमेवरच्या परक्या गावाला तो जाणवायला लागतो. तिथल्या माणसांना तुमचं आवडायला लागतं. आणि एक दिवस, त्यांच्या स्वतःच्या राज्याच्या ओढीपेक्षा तुमची ओढ जास्त झाली, की ते गाव आपणहून झेंडा बदलतं. आम्ही याला पलटणं म्हणतो. अक्कांचं स्वतःचं एक ठाम मत होतं की, गावं खाण्यापिण्यानं पलटतात. धान्याचे साठे वाढवले, व्यापार वाढवला की झालं. त्यात त्या साफ चुकत होत्या. खेळात धान्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी तसं वाचून दाखवलं तर म्हणायच्या, "ज्यानं लिहिलंय त्याला परक्या घरात कुणी जेवाय वाढलं नसंल."

नदीकाठी त्या दाढीवाल्याचं एक निळं गाव होतं; अक्कांचा रंग लाल. ते मिळावं म्हणून त्यांनी पावसाळाभर वाट बघितली. शेजारच्या रुक्सानाभाभी ब्लाउज न्यायला यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "अक्का, माझा ब्लाउज आज मिळणार, का तुमचं गाव पडल्यावर मिळणार?"

"पडायचं न्हाय गं, पटायचं हाय त्येला."

"मग मी ईदला जुनाच घालू व्हय?"

शेवटी एका दुपारी ते गाव पटलं. निळ्याचं लाल झालं, पडद्यावर तुतारी वाजली आणि अक्का उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी शिरा केला. नानांना, मला, भाभींना वाटीवाटीनं दिला. आम्ही शिरा खात असताना त्यांचं लक्ष पुन्हा पडद्याकडं गेलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "ह्याचं नाव न्हाय का बदललं?"

मी सांगितलं, नाही. गाव कुणाकडंही गेलं तरी नाव तेच राहतं. फक्त रंग बदलतो.

"माझं उलटं झालं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या मूळच्या सीमेपलीकडच्या एका खेड्यातल्या. घरात सगळं कानडी. माहेरचं नाव नीलव्वा. लग्न करून पेठेत आल्या तेव्हा ताटात तांदूळ पसरले आणि नानांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, निर्मला. सगळ्यांनी वाकून वाचलं, त्यांना स्वतःला वाचता आलं नाही, कारण मराठी अक्षरं तेव्हा येत नव्हती. "ताट उचललं तसं नाव गेलं की तांदळात. मी म्हटलं, बरं झालं. तर तेच पुढं रेशनकार्डावर आलं." नाना दारातून म्हणाले, "अक्षर कसं हुतं माझं ते सांग की." त्या म्हणाल्या, "वाकडं. आजबी वाकडंच हाय."

त्यानंतर त्या गावाकडं त्यांचं बघणं बदललं. गावावर बोट ठेवलं की एक गोल चित्र यायचं. गावातल्या माणसांत कुणाची संस्कृती किती, ते त्यात रंगानं दाखवलेलं असायचं. अक्का त्याला भाकरी म्हणायच्या. गाव आलं तेव्हा भाकरीत निम्म्याच्या आसपास जुना निळा होता. पुढच्या डावांत तो कमी होत गेला. चतकोर उरला, मग बोटाएवढा, मग दोऱ्याएवढा. अक्का दर खेपेला आधी ती भाकरी उघडून बघायच्या. मी म्हणायचो, "अक्का, गाव आता पक्कं तुमचं आहे, त्याची काळजी सोडा." त्या म्हणायच्या, "काळजी न्हाय रं. बघतीय." आणि एके दिवशी तो निळा दोरा दिसेनासा झाला. भाकरी सगळी लाल. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि मला विचारलं,

"सदा, हे गेलं का दिसत न्हाय?"

मला वाटलं, फार सोपा प्रश्न आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. शून्य झालं असेल किंवा इतकं बारीक झालं असेल की पडद्याला दाखवता येत नसेल. दोन्ही शक्य होतं. तेव्हापासून आमचे प्रयोग सुरू झाले. अक्कांनी त्या गावातलं स्वतःचं देऊळ पाडलं, नाटकघर पाडलं, बाजार बंद केला. आत काही जुनं शिल्लक असेल तर ते आता डोकं वर काढेल, असा आमचा कयास. गाव होतं तसंच राहिलं. मग त्यांनी ते गाव पुन्हा दाढीवाल्याला भेट देऊन टाकलं, तो ओळखतो का बघायला. त्यानं घेतलं आणि तिथं लगेच सैन्य ठेवलं. त्यामुळं काहीच कळलं नाही. नानांनी डोक्याला हात लावला. "पावसाळाभर वाट बघून घेतलं, आन् फुकट देऊन टाकलं! हिच्या हातात कोल्हापूर असतं तर काय झालं असतं?"

हा नुसता खेळातला प्रश्न नाही हे मला विनूच्या एका फोनमुळं कळलं. विनू तिकडं राहून कानडी शिकला होता. एका रविवारी त्यानं फोनवर मजेनं आईला विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे, जेवण झालं का. फोन स्पीकरवर होता. अक्कांनी तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. मग मराठीतच म्हणाल्या, "व्हय, जेवले की." फोन ठेवल्यावर त्या मशीनवर बसल्या, पण पाय चालवला नाही. "सगळं कळलं मला त्यो काय म्हणाला ते," त्या म्हणाल्या. "पर तोंडात येईना रं. आई होती तवर बोलत हुते. आई गेली, तिकडं जायाचं ऱ्हायलं. कुणाशी बोलू? आता बघ, येवढं साधं उत्तर आलं न्हाय." आणि मशीनकडं बघत पुन्हा तेच विचारलं, "गेलं का दिसत न्हाय?"

यानंतरची गोष्ट अगदी किरकोळ आहे. पण माझ्या आयुष्यात तिच्याइतकं मोलाचं थोडंच काही घडलं असेल. एका सकाळी मी खाली बसून अभ्यास करत होतो. अक्का मशीनवर होत्या, आत कुकर लावलेला होता. कुकरनं शिट्टी दिली आणि अक्का मशीन न थांबवता पुटपुटल्या, "ओंदु." मी मान वर केली. पुढची शिट्टी झाली. "एरडु." मग "मूरु", "नाल्कु", आणि शेवटी "ऐदु" म्हणून त्या उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आल्या.

"अक्का, तुम्ही आत्ता काय मोजलंत?"

"शिट्ट्या. डाळीला पाच लागत्यात."

"पण कशात मोजल्यात?"

आपण कानडीत मोजतो हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. नाना बाहेरून म्हणाले, "ती लग्नापासनं तसंच मोजती की. मला वाटलं, देवाचं काय म्हणत असंल." अक्कांनी कात्री खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि शाळेतल्या मुलीसारख्या मोजायला लागल्या. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु... आणि अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पाचावर अडकल्या. इतकी वर्षं डाळीला पाचच शिट्ट्या. सहाव्याची कधी गरजच पडली नव्हती. मी म्हणालो, विनूला विचारू, आत्ता फोन लावतो. त्यांनी माझा हात धरला. "विनूला इचारायचं न्हाय. मोबाईलवर बी बघायचं न्हाय. त्यानं सांगितलं तर त्ये त्याचं झालं. माझं असंल तर माझं मला आलं पाहिजे." आणि मग स्वतःशीच हसून म्हणाल्या, "पर पाच तर हायत की! आं? पाच तर घावले!"

त्या दिवशी त्यांनी शिरा केला नाही, पण त्यांचा चेहरा मला शिऱ्याच्या दिवसाची आठवण करून देणारा होता.

पुढं मी पदवीधर झालो. पुण्यातल्या मुलाखतीत मला विचारलं, तुला आवडणाऱ्या एखाद्या खेळात काय अपुरं वाटतं? इतर मुलांनी चित्रं, वेग, आवाज असं सांगितलं असावं. मी त्या निळ्या दोऱ्याबद्दल बोललो. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर खेळता?" मी सांगितलं, घरमालकीणबाईंबरोबर. ते हसले, पण नंतरचे सगळे प्रश्न त्याच खेळावर विचारले. आधी मी खेळातल्या चुका शोधण्याचं काम केलं, मग हळूहळू नियम लिहायला लागलो. पुण्यात माझ्या बोलण्यातलं "हाय" आणि "न्हाय" वर्षभरात गेलं. मी ते घालवलं असं नाही, ते आपसूक गेलं. आई एकदा फोनवर म्हणाली, "किती शुद्ध बोलाय लागलास रं, परकं वाटतंय." मी आरशात बघून "न्हाय" म्हणून बघितलं, तर ते नाटकातल्यासारखं वाटलं. तेव्हा मला अक्कांचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि या वेळी तो माझा होता.

अक्का दर फोनला विचारायच्या, "काय रं, कळलं का?" मी म्हणायचो, अजून नाही. "तुमचं काय? सहावा आला का?" त्या म्हणायच्या, "येतंय तोंडापतुर आन् माघारी जातंय. लाजतंय." मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा त्यांना जिना चढताना दम लागत होता. कॉम्प्युटर बंद पडलेला होता, पण हलवला नव्हता. त्याच्यावर मशीनचं कव्हर घातलेलं होतं. निघताना दारात म्हणाल्या, "तुझं उत्तर घावलं तर लिहून धाड. फोनवरचं वाऱ्यावर जातंय."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या नव्या खेळाचं काम सुरू झालं. दख्खनच्या जुन्या बाजारपेठांवरचा खेळ. गावांनी कसं पलटायचं ते नियम माझ्याकडं आले. सुरुवात म्हणून मी इतर खेळांचे नियम बघत होतो. अक्कांच्या त्या जुन्या खेळाच्या नियमांच्या फायली उघडून वाचता येतात, हे मला तेव्हा कळलं. मी वाचायला बसलो आणि उत्तर सापडलं. त्याच आठवड्यात नानांचा फोन आला की अक्कांना दवाखान्यात ठेवलंय, हृदयाचं दुखणं आहे, फार बोलायला मनाई आहे. मी पत्र लिहून कुरियरनं पाठवलं. ते पोचलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी अक्का गेल्या.

बाराव्याला मी पेठेत होतो. जेवणं झाल्यावर पाहुणे पांगले आणि नाना, विनू आणि मी मशीनच्या खोलीत बसलो. नाना सांगायला लागले. "तुझं पत्र मी वाचून दावलं. दोनदा वाचाय लावलं तिनं. मग डोळं मिटलं. मला वाटलं, झोपली. तर जरा वेळानं एकेक बोट मिटाय लागली. एका हाताची सगळी बोटं मिटली, मूठ झाली. मग दुसऱ्या हाताचा अंगठा धरला आन् म्हणाली, आरु. मी म्हटलं, कोण आरु? कुणाला बोलवू? तर माझ्याकडं बघून नुसती हसली. काय भारी हसली रं... अजून मला कळंना, कुणाला हाक मारत हुती."

विनूनं हातातला कप खाली ठेवला. "हाक न्हवती, नाना. आरु म्हणजे सहा." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "पण आई सहा कशाला म्हणाली?"

त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दोघांना पहिल्यापासून सांगितलं. नानांनी पत्र पुन्हा काढलं आणि शेवटच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. परवा मी त्यांना फोन केला तर मागं कुकर वाजत होता. डाळ आता तेच लावतात. "सहा शिट्ट्या करतोय," म्हणाले. "डाळीचा पार लगदा हुतोय, पर खातोय."

पत्र त्यांनी मशीनच्या खणात, रिळांबरोबर ठेवलंय. मी त्याचा फोटो काढून आणला आहे. त्यावरून उतरवून देतो.

अक्का,

शाळेत शिकवलेला मायना लिहिला हुता, खोडला. तुमच्याशी मी तसं कधी बोललो न्हाय. नाना वाचून दाखवणार म्हणून अक्षर मोठं काढलंय. नाना, मधी मधी आपलं घालू नका.

उत्तर घावलं. आधी वाईट सांगतो. त्या खेळात ते जातंय. निळा दोरा दिसंना झाला तवाच ते शून्य झालं हुतं. म्हणून आपण देऊळ पाडलं, बाजार मोडला, तरी काय वर आलं न्हाय.

पण का जातंय ते ऐका. जुनं दर डावाला थोडं थोडं कमी हुतंय, पण नुसत्या हिशेबानं ते कधीच संपत न्हाय. भाकरीचा तुकडा मोडला, त्यातला निम्मा मोडला, त्यातला परत निम्मा मोडला, तरी कण उरतोच की. गावाकडून ते तसंच चाललं हुतं. पण खेळ करणाऱ्यानं मधी एक ओळ लिहून ठेवलीया. शंभरात एकाच्या खाली गेलं की शून्य धरा. बास. गाव विसरलं नव्हतं, अक्का. माझ्यासारख्याच कुणीतरी खुर्चीत बसून, कॉम्प्युटरला काम कमी पडावं म्हणून पुसून टाकलं.

आता आमच्या खेळात गावांचे नियम मी लिहितोय. ती ओळ मी लिहिलेली न्हाय. हितले म्हणाले, कशाला ठेवतोस, खेळणाऱ्याला दिसणार बी न्हाय. मी म्हटलं, न दिसू दे. असू दे.

पण एक अडलंय, तिथं तुमची मदत लागंल. उरलेला कण परत वर कशानं येतो? मी सण घालून बघितला, न्हाय जमलं. धान्य घालून बघितलं, तुमचा मान राखायला. थोडं जमतंय, म्हणजे तुमचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मला खरं वाटतंय ते निराळंच. विनूनं तोंडावर विचारलं तवा तुम्हाला आलं न्हाय. मशीनवर पाय चालू हुता, ध्यान दुसरीकडं हुतं, तवा कुकरच्या शिट्टीला आलं. म्हणजे विचारलं की येत न्हाय, काम करता करता येतंय. असा नियम खेळात घालू का? घातला तर बाकीचे मला येड्यात काढतील. तुम्ही घाल म्हणालात तर घालतो.

पुढचा आकडा मी अजून बघितलेला न्हाय. मोबाईलवर एका बोटात घावंल, पण तुम्ही बघू नको म्हणालाय. विनूलाबी विचारलं न्हाय. तो कणबी गेला न्हाय, दिसत न्हाय, एवढंच हाय.

हे पत्र माझ्या हातनं ह्या बोलीत उतरलं, हे लिहिताना मला कळलंबी न्हाय. आत्ता परत वाचलं तवा कळलं.

बऱ्या व्हा. घरला या. डाळ लावा. पाच शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करू नका. पुढचं म्हणा.

सदा